चला, तारामंडळपेठेत भाता ओढायला

बेंगळुरूच्या मागडी रोडवर उभे राहा. राजाजीनगर डाव्या हाताला आणि तोंड सिटी मार्केटकडे. मोबाइल बंद करा, जिथे चाललोय तिथे रेंज नाही. आता डोळे मिटा आणि रिक्षांचे हॉर्न थांबले की उघडा.

पहिल्यांदा कळतं ते नाकाला. पेट्रोलचा वास गेलाय. त्याच्या जागी शेण, ओली माती आणि कुठेतरी धुमसणारा लाकडी कोळसा. मेट्रोचा पूल नाही, नवरंग थिएटर नाही. खुद्द राजाजींचा जन्म व्हायला अजून नव्वदेक वर्षं आहेत, तेव्हा त्यांच्या नावाचं नगर कुठून असणार? केतमारनहळ्ळीसारखी दोन-चार खेडी, नाचणीची शेतं, तळी, आणि मधून जाणारी ही तांबड्या धुळीची वाट, एवढंच आहे. श्रीरंगपट्टणला टिपू सुलतान गादीवर आहे. त्याच्या राजकारणात आपल्याला पडायचं नाही. आपलं काम त्याच्या लोहाराकडे आहे.

वाटेवर तुम्ही एकटे नाही. मागडीकडून लादलेल्या बैलांचा तांडा येतोय, गळ्यातल्या घंटा कधी एका तालात, कधी बेताल. पाठीवर दोन्ही बाजूंना पोती. धान्य असेल म्हणून तुम्ही एका पोत्याला सहज धक्का देता आणि बोट चोळत बसता. आत लोखंड आहे. मागडीच्या डोंगरांतून पावसाळी ओढ्यांबरोबर काळी वाळू खाली येते. ती वेचायची, धुवायची, कोळशाबरोबर भट्टीत घालायची. तळाशी जमलेला ओबडधोबड गोळा लाल असतानाच घणाखाली घ्यायचा आणि त्यातलं कीट झाडून टाकायचं. उरतं ते मऊ लोखंड.

त्यातलंच थोडं पुढे पोलाद होतं. कच्च्या मातीच्या मुशीत लोखंडाचा तुकडा, त्यावर तरवडाच्या काड्या, वर एका वेलीची दोन हिरवी पानं, मग तोंड लिंपायचं आणि मुशी भट्टीत रचायच्या. फ्रान्सिस बुकॅनन नावाचा स्कॉटिश डॉक्टर १८०० साली या भागात हिंडला आणि काड्या-पानांसकट ही कृती त्याने टिपून ठेवली. तरवड म्हणजे तीच, आपल्याकडे माळावर पिवळी फुलते आणि जिच्याकडे शेळीसुद्धा ढुंकून बघत नाही. पोलाद पाथरवटाच्या छिन्नीला आणि तलवारीच्या पात्याला, मऊ लोखंड नळीला. दोन्ही माल याच रस्त्याने बेंगळुरूच्या पेठेत जातो. तुम्ही त्याच्या मागे चालत राहा, वाट चुकायची नाही.

पेठेच्या आधी काटेरी झुडपांचं दाट कुंपण लागतं, मग खंदक, मग मातीचा तट. दरवाज्यात जकातवाला बसलाय. तो पोती मोजतो, तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि कन्नडमध्ये काहीतरी विचारतो. इथे एक सूचना. मराठी बोलायला हरकत नाही. शहाजीराजांची जहागीर इथेच होती, त्यामुळे मराठी बोलणारी घरं पेठेत पुष्कळ आहेत. पण पुण्याचे आहोत असं चुकूनही सांगू नका. गोपाळराव पटवर्धनांनी घातलेला वेढा इथल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो, आणि पुढे माधवराव पेशवेही या मुलखात येऊन गेलेत. तंजावरकडचे आहोत म्हणा. भोसल्यांचं राज्य आहे, मराठीही खपून जाते.

आत शिरलात की गर्दी तुम्हाला हवी तिकडे ढकलते. बेंगळुरूची ही पेठ म्हणजे धंद्याधंद्याच्या गल्ल्या. अक्कीपेठेत तांदळाचा कोंडा घशात जातो, अरळेपेठेत कापसाचे तंतू पापण्यांना चिकटतात, गाणिगरांच्या गल्लीत बैल घाणा ओढतोय आणि लाकडावर लाकूड घासून कण्हल्यागत आवाज येतोय. करंजाच्या तेलाचा कडवट वास कपड्यांत बसतो तो बसतोच. कुणी डोक्यावरची मडकी सावरत तुमच्या पायावर पाय देतं, कुणी दख्खनीत शिवी हासडतं, कुणी तेलुगूत भाव करतं. किल्ल्याच्या दिशेने चालत राहा. आज जिथे सिटी मार्केट आहे तिथे सिद्दीकट्टेचं तळं आहे. आपली गल्ली त्याच्या जवळच.

तारामंडळपेठ डोळ्यांआधी कानांना सापडते. टण्‌, टण्‌, ठप्प. दोन हातोडे आणि एक घण. एक थांबला की शेजारच्या घरातला सुरू. इथे सुलतानाच्या फौजेसाठी बाण बनतात. रामाचे बाण नव्हेत, दारूचे. आपल्या बखरींतून बाणदार आणि बाणांच्या कैच्या येतात ना, तेच हे, ज्यांना पुढे जग रॉकेट म्हणणार आहे. बाण मोगलांकडे होते, मराठ्यांकडेही होते. मग इथे वेगळं काय? ते दाखवायलाच तुम्हाला एवढं चालवत आणलं.

हे घर. नाव विचारू नका. दप्तरात सुलतानाचं नाव आहे, सरदारांची आहेत, यांचं नाही. पुढे पडवीत भट्टी, मागे दोन खोल्या, त्यामागे अंगण. ऐरणीपाशी थोरला मुलगा, घणावर धाकटा, सांडशी घेऊन त्यांचा मेव्हणा. कोपऱ्यात अज्जा. त्यांना आता ऐकू येत नाही, सगळी उमर ऐरणीशेजारी गेली. म्हाताऱ्याचा तळहात मात्र अजून कामात आहे. नळी तयार झाली की ती आधी त्यांच्याकडे जाते.

हुकूम त्या कोपऱ्यातूनच येतो. नवा माणूस? बसवा भात्यावर.

तर बसा. भाता म्हणजे म्हशीचं अख्खं कातडं, वास अजून गेलेला नाही. दोन भाते, एक दाबताना दुसरा भरायचा, वारा तुटता कामा नये. पहिली काही मिनिटं मजा वाटते. मग खांदे भरून येतात. मग तोंडावर झळ लागते, भुवया कोरड्या कुरकुरीत होतात, मानेवरून उतरलेला घाम पाठीवर पोचायच्या आत वाळतो. बाहेर बेंगळुरूची प्रसिद्ध गार हवा आहे म्हणतात. इथे तिचा पत्ता नाही. तुम्ही जरा सैल पडलात की धाकटा मुलगा वर न बघता "अण्णा" एवढंच म्हणतो, आणि तुम्हाला कळतं की वारा कमी झालाय.

आता बघा. लोखंडाचा तुकडा लाल होतो, पिवळट व्हायला लागतो, सांडशीने बाहेर येतो. घण पडतो, ठिणग्या तुमच्या धोतरावर येतात (हो, आता तुम्ही धोतरात आहात). तुकडा पसरत जातो, पट्टी होते. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मग थोरला ती पट्टी गोल गजावर घेतो आणि कडेकडेने ठोकत वळवतो. दोन्ही कडा एकमेकींवर चढल्या पाहिजेत. तिथेच सगळं कसब आहे. ऊब कमी पडली तर कडा चिकटत नाहीत. जास्त झाली तर लोखंड जळतं आणि कागदासारखं पातळ होतं. गज काढून घेतात. एक तोंड बंद, दुसऱ्या तोंडाला छोटं भोक, आग मागे फेकायला. हातात येते ती दहा इंच लांब आणि सव्वादोन इंच जाडीची नळी, आपल्या घरातल्या जाडजूड लाटण्याएवढी. धाकटी जात आठ इंचांच्या आत, जाडी दीड इंच.

नळी विझवून अज्जांच्या हातात. ते डोळे मिटतात. अंगठा सांध्यावरून वरून खाली फिरतो, मग नखाने टिचकी. त्यांना टिचकीचा आवाज येत नाही, तरी मारतात. एका जागी अंगठा थांबतो. नळी परत भट्टीकडे. थोरला काही बोलत नाही. त्याच्या कपाळावरची शीर मात्र बोलते.

या सांध्यासाठी एवढा जीव का टाकायचा? कारण जुन्या बाणांच्या नळ्या कागदाच्या किंवा बांबूच्या असत. दारू फार ठासली तर नळीच फुटायची. लोखंड तेवढ्याने फुटत नाही. दारू कचकचून भरता येते, आत जोर तुंबतो आणि सगळा मागच्या बारीक भोकातून सुटतो. बाण किलोमीटरभर जातो, कधी त्याहूनही लांब. दारूचं सूत्र इथे कुणी बदललेलं नाही. बदललं ते या पडवीत, घणाखाली. पण सांधा कच्चा असेल तर बाण शत्रूपर्यंत न जाता बाणदाराच्या हातातच फुटेल. बाणदार कधी शेजारच्या गल्लीतला असतो, कधी सोयऱ्यांतला.

दुपारी भट्टी मंद करतात. अंगणात पानावर रागीचा मुद्दा, म्हणजे नाचणीचा गोळा, येतो, शेजारी हुलग्याचं सारू. एक सांगून ठेवतो, मुद्दा चावायचा नाही. बोटांनी तोडायचा, सारात बुडवायचा आणि गिळायचा. तुम्ही चावता, तो दातांना चिकटतो आणि पोरं खिदळतात. अज्जी पुढचा घास स्वतः करून दाखवतात. त्यांचे हात काळे आहेत. कोळसा कुटायचं काम त्यांच्याकडे आणि सुनेकडे. भट्टीचा कोळसा वेगळा, दारूचा वेगळा, आणि दोन्हींची सरमिसळ झाली तर या घरात मोठं महाभारत होतं.

दारू मात्र इथे भरत नाहीत. भट्टीच्या ठिणग्या उडताहेत तिथे सोरा-गंधक ठेवायला हे लोक खुळे नाहीत. नळ्या रिकाम्याच जातात. (पुढे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा इंग्रजांना तिथे डागायला तयार असे ७०० बाण मिळाले आणि रिकाम्या नळ्या ९०००. नळ्या आधी, दारू लागेल तशी.)

तिसऱ्या प्रहरी सरकारी कारकून येतो. सोबत तराजू आणि वही. त्याच्या अंगाला अत्तराचा वास येतो, एवढ्यावरून पडवीतलं त्याचं स्थान ओळखा. तो नळ्या मोजतो, वजन करतो, एक उलटी धरून प्रकाशात बघतो. आणलेलं लोखंड किती, दिलेल्या नळ्या किती, कीट किती, जळालं किती, सगळ्याचा हिशेब हवा. थोरला आणि तो दोघंही आवाज चढवतात, मग दोघंही पान खातात. अज्जा भिंतीला टेकून बघत राहतात. ऐकू न येण्याचे फायदेही असतात.

तो गेला की अज्जांची कळी खुलते आणि पोलिलूरची गोष्ट सुरू होते. १७८० सालची लढाई, कर्नल बेलीची इंग्रज फौज, तिच्या दारूच्या गाड्यांना आग लागली आणि सगळंच बिघडलं. ती आग बाणांनी लावली असं सगळा मुलूख मानतो. आणि तो बाण कुणाच्या नळीचा? या गल्लीत जेवढी घरं तेवढी उत्तरं. प्रत्येक घराची खात्री आहे की नळी आपलीच. तुम्ही मान डोलवा.

आता उठा, अंग आंबलं असलं तरी. नळ्या भरायच्या वाड्यात जायचंय, पेठेच्या कडेला. तिथे हातोड्याचा आवाज नाही, कुणी मोठ्याने बोलतही नाही. सोऱ्याने जिभेवर थंड खारट चव येते, गंधकाने नाक चुरचुरतं. नळीत चिमूट चिमूट दारू घालून लाकडी गजाने ठासतात. पलीकडे कळकांचा ढीग. नळी कळकाच्या टोकाशी चामड्याच्या ओल्या वाद्यांनी आवळायची. वादी वाळली की अशी आखडते की पाचर घातली तरी हलत नाही. कळक सहा फुटांच्या वर, तो बाणाचा तोल धरतो. काही बाणांना कळकाऐवजी तलवारीचं सरळ पातं, तीन फूट चार इंच. जोर संपला की तो गरगरत माणसांत पडतो, आणि कुठल्या बाजूने पडेल ते डागणाऱ्यालाही ठाऊक नसतं. इथे तुमची गंमत जरा ओसरते. ओसरू द्या. अज्जीच्या काळ्या हातांनी सुरू झालेलं काम इथवर येऊन पोचतं.

अंधार पडल्यावर पेठेबाहेरच्या माळावर नमुन्याचे बाण उडवून बघतात. सगळी गल्ली लोटलीय, पोरं झाडांवर, बायका दूर ओढ्याशी. बाणदार नळीची जाडी बघतो, लक्ष्य किती लांब ते डोळ्यांनी मापतो आणि त्या हिशेबाने कळक तिरपा लावतो. मग तोडा तुमच्या हातात देतो. पाहुण्याचा मान. बत्तीला टेकवा आणि मागे पळा. मागे म्हणजे बाजूला. सरळ मागे उभे राहिलात तर राजाजीनगरला परत जाताना भुवयांशिवाय जाल.

फुस्स. मग काहीच नाही. मग एक फाटका, लांब, दात शिवशिवणारा आवाज, आणि आगीची रेघ वर. लोक ओरडतात. ती वळते, डावीकडे कलते, उतरते, जमिनीला टेकून फुत्कारत नागमोडी पळत सुटते. लोक पुन्हा ओरडतात, या वेळी वेगळ्या कारणाने. दुसरा बाण सरळ जातो. तिसरा पुन्हा मनाला येईल तिकडे. तुमच्या लक्षात येतं की हे हत्यार नेम धरून मारायचं नाही. घोडे बिथरवायचे, बैल उधळायचे, रात्री तंबूत झोपलेल्याची झोप घालवायची. चाकांच्या गाड्यावरून एकदम पाच-दहा सुटले की कुणाला पळायचं कुठे ते कळत नाही. १७९९ च्या एप्रिलमध्ये सुलतानपेठच्या राईत अंधारात शिरलेल्या कर्नल वेलस्लीने हे अंगावर घेतलं आणि त्या रात्री त्याला मागे फिरावं लागलं. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच हा.

यापुढचं तुम्ही पुस्तकात वाचलंय, म्हणून भरभर जाऊ. बाण जहाजात बसून विलायतेला गेले. वुलिचला विल्यम काँग्रीव्हने लोखंडी नळीचं रॉकेट नव्याने बांधलं, इंग्रजांनी ते १८०७ मध्ये कोपनहेगनवर डागलं, नाव काँग्रीव्हचं झालं. टिपूचे दोन बाण वुलिचच्या तोफखान्याच्या संग्रहात जाऊन पडले. मगाशी सांगितलेली नळीची, कळकाची आणि पात्याची मापं तिथलीच, ती रोद्दम नरसिंहांनी त्यांच्या लेखात दिली आहेत. बेंगळुरूच्या विमानशास्त्रज्ञाने बेंगळुरूच्या लोहाराची नोंद घेतली, हे मला काँग्रीव्हपेक्षा जास्त आवडतं.

पण आपल्या पडवीचं काय? सुलतान गेला, कारकून यायचा बंद झाला. लोहाराला काम नाही असं मात्र कधी होत नाही. नांगराचे फाळ, गाडीच्या धावा, पाथरवटांच्या छिन्न्या, आणि कंपनी सरकार आल्यानंतर वाढत गेलेल्या छावणीची चिल्लर कामं. वंशावळ मांडत बसायची तर आपल्याकडे वही नाही.

त्याऐवजी राजाजीनगरच्या इंडस्ट्रियल टाउनमधल्या एखाद्या शेडमध्ये डोकवा. वडील लेथवर, थोरला मिलिंगवर, धाकटा दुचाकीवरून माल पोचवायला, आणि एक भाचा जो अजून शिकतोय म्हणून सगळे त्याच्यावर ओरडताहेत. कूलंटचा आंबूस वास, पायाखाली निळसर झालेला लोखंडी किस, भिंतीवर देवाचा फोटो आणि त्याखाली कारखान्याची पाटी, '... अँड सन्स'. रक्ताचं नातं असेल किंवा नसेल. कोपऱ्यात एक आजोबा मात्र नक्की असतात. मायक्रोमीटर शेजारी पडलेला असतो आणि ते तयार नगावरून आधी अंगठा फिरवतात.

आणि अस्सल नळी हातभर अंतरावरून बघायची असेल तर शिवमोग्ग्याला जा. तिथून पुढे नगर, म्हणजे पूर्वीचं बिदनूर. तिथल्या एका कोरड्या विहिरीत २०१८ मध्ये हजारावर गंजलेले बाण सापडले, २३ ते २६ सेंटिमीटर लांबीचे. काही नळ्यांत दारू तशीच होती. खणायचं ठरलं त्याचं कारण ऐका. विहिरीतल्या मातीला दारूचा वास येत होता. सव्वादोनशे वर्षं पावसाळे झेलूनसुद्धा. तुम्ही त्या काठावर असता तर खणायच्या आधीच सांगितलं असतंत, सोरा, गंधक आणि अज्जीचा कोळसा. फक्त कुणी विचारलंच, तुम्हाला हे कसं ठाऊक, तर काय उत्तर द्यायचं ते मगाशीच ठरलंय. तंजावरकडचे आहोत.